उद्यापन नसलेलं व्रत

मराठी घरात कुणी वजन कमी करायचं ठरवलं की आधी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं जातं. आजपासून सुरू करायला तशी हरकत नसते, पण परवा संक्रांत आहे. संक्रांतीनंतर रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवं चालतात, आणि तिळगूळ नाकारणाऱ्याशी लोक वर्षभर गोड बोलत नाहीत. पुढे होळीची पुरणपोळी, पाडव्याचं श्रीखंड, की लगेच आंबे. ऐन आंब्यात डाएट करणारा माणूस एक तर आजारी असतो, नाहीतर कर्जबाजारी. आषाढात तळण, श्रावणात सणवार, भाद्रपदात मोदक, मग पितरांची खीर आणि दसऱ्याची बासुंदी. वर्षभरात मोकळी जागा काय ती एकच सापडते: फराळाचे डबे रिकामे झाल्यापासून मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारपर्यंत. आणि नेमक्या त्याच दिवसांत लग्नाच्या पत्रिका यायला लागतात.

कॅलेंडर बघावंसं वाटतं याचं कारण साधं आहे. खाणं कमी करायची एकच रीत आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, ती म्हणजे व्रत. व्रताला संकल्प लागतो, साहित्य लागतं, नियम लागतात, चारचौघांत सांगायला कहाणी लागते आणि मुख्य म्हणजे उद्यापन लागतं. उद्यापनाला सवाष्ण जेवते, ब्राह्मण जेवतो आणि व्रत करणारा त्या दोघांच्या वरताण जेवतो. कॅलरी ही परदेशातून आलेली बाई. तिलाही आपण पाट-रांगोळी करून चौरंगावर बसवली.

आमच्या दाजींचं उदाहरण घ्या. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. ऑफिसच्या वार्षिक तपासणीत डॉक्टर त्यांना म्हणाले, "जरा पाच-सहा किलो उतरवा." दाजींनी त्यातला 'जरा' दवाखान्यातच ठेवला आणि दोन महिन्यांत दहा किलोंचा संकल्प सोडून घरी आले. संध्याकाळपर्यंत साहित्य जमलं. ग्रॅम दाखवणारा वजनकाटा, फोनमध्ये अ‍ॅप, आहाराचा चार्ट, ओट्स, ग्रीन टी आणि चिया नावाचं एक बी. माई, म्हणजे दाजींच्या आई, त्याला आजही सब्जाच म्हणतात आणि महाग पडला म्हणतात. नियम एकच होता: दिवसाला १,२०० कॅलऱ्या.

"कॅलरी म्हणजे काय रे?" माईंनी विचारलं.

"एक किलो पाणी एक अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते तेवढी."

"मग तू पोळीवर पाणी तापवणार आहेस का?"

माईंचा प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. अमेरिकेत विल्बर अ‍ॅटवॉटर नावाच्या शास्त्रज्ञाने १८९०च्या दशकात जवळजवळ हेच केलं. कनेटिकटमधल्या वेस्लियन विद्यापीठात त्याने माणूस मावेल एवढी एक बंद खोली बांधली. आतल्या माणसाने तिथेच खायचं, झोपायचं, काम करायचं. त्याच्या अंगातून निघालेली उष्णता बाहेर मोजली जायची. त्याच्या अशाच खटाटोपांतून ते प्रसिद्ध आकडे निघाले: एक ग्रॅम प्रथिनं किंवा कर्बोदकं म्हणजे सुमारे ४ कॅलऱ्या, एक ग्रॅम स्निग्ध म्हणजे ९. दाजींच्या बिस्किटाच्या पुड्यामागे जे बारीक अक्षरांत छापलेलं असतं, त्याचं नातं त्या कोंडलेल्या माणसाशी आहे.

पण अ‍ॅटवॉटरला कुणाला बारीक करायचं नव्हतं. मजुराने थोड्या पैशांत पोटभर कसं खावं, हा त्याचा प्रश्न होता. कॅलरीला वजनाच्या मागे लावलं ते लॉस एंजेलिसच्या डॉक्टर लुलू हंट पीटर्स यांनी. १९१८ साली त्यांचं पुस्तक आलं आणि तडाखेबंद खपलं. यापुढे पावाचा तुकडा म्हणू नका, शंभर कॅलऱ्यांचा पाव म्हणा, असा त्यांचा उपदेश होता. १,२०० हा आकडाही त्यांनीच चालवला. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी एका अमेरिकन बाईंनी काढलेला वसा आमच्या दाजींनी घेतला होता, आणि भाषेसकट घेतला होता. सकाळी ताईने विचारलं, "उपमा कसा झालाय?"

"दोनशे दहा," दाजी म्हणाले.

"मी मिठाचं विचारत होते."

तिसऱ्या आठवड्यात दाजींमध्ये फरक दिसू लागला. वजन चार किलो उतरलं आणि स्वभाव त्याहून जास्त. भर उन्हाळ्यात ते पंखा बंद करायला सांगत. रात्री अकरानंतर अंधारात मोबाइलवर कोल्हापूरचा तांबडा-पांढरा रस्सा करायची कृती बघत बसत. दाजी जन्माने आणि वृत्तीने शाकाहारी. ताईला जरा काळजी वाटली.

वाटायला हवीच होती, कारण याची नोंद शास्त्रात झालेली आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस उपासमारीने खंगलेल्या युरोपला पुन्हा कसं खाऊ घालायचं, हे कळावं म्हणून मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी एक प्रयोग केला. युद्धात बंदूक धरायला नकार दिलेले ३६ धडधाकट तरुण स्वखुशीने पुढे आले. सहा महिने त्यांना रोज सरासरी सुमारे १,५७० कॅलऱ्यांवर ठेवलं. बटाटे, सलगम, पाव, मॅकरोनी. शिवाय आठवड्याला ३५ किलोमीटर चालणं. वजन जवळजवळ चौथ्या हिश्शाने घटलं. पण त्याआधी मन घटलं. ही मुलं ताटं चाटायला लागली, पाककृतींची पुस्तकं वाचायला लागली, एकेका घासाला वेळ लावायला लागली. त्यांना सतत थंडी वाजे. कॉफीवर आणि च्युइंगमवर मर्यादा घालावी लागली. आणि प्रयोग संपल्यावर कित्येकांची भूक पोट भरूनही भागेना. आता या प्रयोगाचं नाव आहे 'उपासमार', आणि त्यातला आकडा आहे १,५७०. दाजींच्या चार्टवर नाव आहे 'निरोगी जीवनशैली', आणि आकडा आहे १,२००. ती मुलं तरुण होती, भरपूर चालत होती, आणि दाजींचं सर्वात मोठं अंतर सोफा ते फ्रिज, हा फरक मान्य. तरी मोठ्या माणसाला थेट बाराशेवर बसवायचं तर डॉक्टरांना एकदा तोंड दाखवावं. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर दाखवावंच. खाणं उतरलं आणि गोळी तेवढीच राहिली, की साखर नको तितकी खाली जाऊ शकते.

मात्र दाजी खरोखर बाराशेच खात होते, असं माझं म्हणणं नाही. मराठी स्वयंपाकघरात कॅलरी मोजता येत नाही, कारण तिथे मापं हाताची आणि नजरेची. चार्टमध्ये 'एक वाटी उसळ' असतं. कुठली वाटी? आमच्याकडे चटणीची वाटी असते, आमटीची असते, रुखवतात आलेली असते आणि एक माईंच्या माहेरची असते, जिच्यात लहान मूल न्हाऊ शकेल. फोडणीचं तेल पळीतून अंदाजाने पडतं. मोठा एक चमचा तेल म्हणजे साधारण १२० कॅलऱ्या; माईंचा अंदाज दोन चमच्यांच्या खाली कधी आलेला कुणी पाहिलेला नाही. त्यात काही खाणं असं असतं की ते मोजायचंच नसतं. भाजीची चव बघणं, हे खाणं नव्हे. नातवाच्या ताटातला उरलेला वरणभात, हेही खाणं नव्हे. ते अन्न वाया जाऊ न देणं आहे. प्रसाद तर नव्हेच. सत्यनारायणाच्या शिऱ्यात रवा, साखर, तूप सगळं सव्वाच्या मापात पडतं. घरात काटेकोर मोजून केलेला तेवढा एकच पदार्थ, आणि तो दाजींच्या अ‍ॅपमध्ये सापडत नाही.

याला फक्त आपण जबाबदार आहोत असं समजून कष्टी होऊ नका. 'काहीही केलं तरी वजन उतरत नाही' अशी तक्रार असलेल्या काही अमेरिकन मंडळींना न्यूयॉर्कच्या संशोधकांनी नीट तपासलं आणि १९९२ साली निष्कर्ष छापले. ही माणसं आपलं खाणं सरासरी ४७ टक्क्यांनी कमी सांगत होती आणि आपला व्यायाम ५१ टक्क्यांनी जास्त. लबाडी नव्हती, त्यांना तसंच वाटत होतं. त्यांच्याकडे आग्रह करणारी माई नसताना ही गत.

आपल्या उपासाबद्दल तर बोलायलाच नको. एकादशी आणि दुप्पट खाशी, हे आपल्याच पूर्वजांनी आपल्यालाच म्हणून ठेवलं आहे. बशीभर साबुदाण्याच्या खिचडीत पन्नास ग्रॅम साबुदाणा, मूठभर दाण्याचं कूट, दोन चमचे साजूक तूप आणि बटाटा धरला तर हिशेब पावणेपाचशे कॅलऱ्यांवर जातो. दोन पोळ्या, भाजी, वाटीभर आमटी याहून थोड्या कमीत होतं, आणि त्यात डाळ तरी असते. दाजींनी हे आकडे मांडून दाखवले तेव्हा माईंनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. "म्हणजे पंढरीचा विठोबा चुकला आणि तुझा मोबाइल बरोबर?" यावर कुठलंच अ‍ॅप उत्तर देत नाही.

दाजींच्या सोसायटीत २०१८च्या सुमाराला काय आणि कसं खावं यावरून तट पडले होते. एका विंगेत डॉ. जगन्नाथ दीक्षितांचे अनुयायी: दिवसातून दोनदाच जेवा, पंचावन्न मिनिटांत उरका. दुसऱ्या विंगेत ऋजुता दिवेकरांचे: घरचं खा, ताजं खा, तुपाला घाबरू नका. गंमत म्हणजे कॅलऱ्या मोजत बसा, असं दोघांपैकी कुणीच म्हणत नव्हतं. दाजींनी मध्यममार्ग काढला होता. दीक्षितांकडून त्यांनी पंचावन्न मिनिटं घेतली आणि दिवेकरांकडून तूप. त्या वर्षी त्यांचं वजन तीन किलो वाढलं.

आता तिसऱ्या आठवड्यात उतरलेल्या त्या चार किलोंचं पुढे काय झालं? पाचव्या आठवड्यापासून काटा हलेनासा झाला. दाजींनी काट्याची बॅटरी बदलली. मग फरशी बदलून पाहिली. हॉलमधल्यापेक्षा बाथरूममध्ये दोनशे ग्रॅम कमी भरतात, असा शोध लागला. त्यांचा हिशेब पाठ होता: एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलऱ्या, तेव्हा रोज इतक्या वाचवल्या की इतक्या दिवसांत इतके किलो. हा हिशेब खरा असता तर रोज एक पोळी, म्हणजे साधारण शंभर कॅलऱ्या कमी खाणारा माणूस वर्षाला पावणेपाच किलोंनी उतरला असता, आणि पंचाहत्तर किलोंचा गृहस्थ सोळाव्या वर्षी दिसेनासा झाला असता. असं कुणी दिसेनासं झाल्याचं ऐकिवात नाही.

कारण शरीर मध्ये पडतं. वजन उतरलं की लहान झालेल्या देहाला चालवायलाच कमी शक्ती लागते. शिवाय शरीराला वाटतं की दुष्काळ पडला आहे, म्हणून ते आणखी हात आखडतं आणि भूक वाढवतं. त्याच्या दृष्टीने हा शहाणपणा आहे. आपल्या पूर्वजांना दुर्गादेवीचा दुष्काळ पार करून देणारं शरीर हेच. दाजींना पुतण्याच्या लग्नात जुना सूट घालायचा आहे, हे त्याला कुणी कळवलेलं नसतं. अमेरिकेत वजन उतरवण्याची टीव्हीवर स्पर्धा चाले. तीस आठवड्यांत पन्नास-साठ किलो उतरवलेल्या १४ स्पर्धकांना केव्हिन हॉल आणि सहकाऱ्यांनी सहा वर्षांनी पुन्हा तपासलं. बहुतेकांचं वजन पुष्कळसं परत आलं होतं. पण बसल्या जागी शरीर जेवढं जाळतं ते परत आलं नव्हतं. अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलऱ्यांनी कमीच होतं. टाळ्या वाजल्या, बक्षीस मिळालं, उद्यापन झालं. शरीराने मात्र व्रत सोडलेलं नव्हतं.

त्यात आपल्या शरीराचा एक खास चावटपणा आहे आणि तो शोधला पुण्यात. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला. दोघंही दिसायला शिडशिडीत. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. वजनकाट्याच्या दृष्टीने जुळे, आतून भलतेच वेगळे. आपण भारतीय लोक बारीक दिसूनही आत चरबी बाळगून असतो आणि स्नायू बेताचेच. अशा माणसाने डाळ-उसळ, दूध, अंडी सगळंच तोडून काकडीवर दिवस काढले तर काटा खाली येतो, पण त्यात आधीच थोडके असलेले स्नायूही जातात. काटा कशाचे किलो गेले ते सांगत नाही. केस गळतात, जिना चढताना गुडघे बोलतात, फार झपाट्याने उतरलं तर पित्ताशयात खडे होऊ शकतात, आणि वर नातेवाईक म्हणतात, "किती छान बारीक झालात!"

मग कॅलऱ्या कमी करणं वाईट का? तसंही नाही, आणि इथेच विनोदी लेखकाची पंचाईत होते. २०१७ साली ब्रिटनमध्ये रॉय टेलर आणि माइक लीन यांच्या 'डायरेक्ट' नावाच्या चाचणीचे निष्कर्ष आले. टाइप दोनच्या मधुमेह्यांना तीन ते पाच महिने रोज सव्वाआठशे ते साडेआठशे कॅलऱ्यांच्या सूप-शेकवर ठेवलं होतं. वर्षाअखेर त्यातल्या ४६ टक्के लोकांचा मधुमेह गोळ्यांशिवाय आटोक्यात होता. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ४ टक्के. म्हणजे दाजींच्या बाराशेहूनही कठोर आहार, आणि गुण उत्तम. पण तिथे गोळ्या बंद करायला डॉक्टर होते, आणि सूपवरून जेवणावर हळूहळू आणायचे आठवडे ठरलेले होते. वजन परत चढू नये म्हणून नंतरही महिन्याच्या महिन्याला कुणीतरी विचारायला होतं. त्या लोकांनी खरी मेहनत व्रतावर घेतली नव्हती. व्रत संपल्यानंतरच्या सोमवारवर घेतली होती. आपल्या कुठल्याही कहाणीत त्या सोमवारचं काय झालं ते नसतं.

दाजींनाही शेवटी डॉक्टरांनी तेच सांगितलं. त्याच केव्हिन हॉल यांचं २०११ सालचं गणित आहे: रोजच्या खाण्यात कायमचा २४ कॅलऱ्यांचा फरक केला, की अखेरीस वजनात एक किलोचा फरक पडतो. त्यातला निम्मा पडायला वर्ष लागतं आणि जवळजवळ सगळा पडायला तीन. म्हणजे रोज एक पोळी कमी खाल्ली तर तीन वर्षांत चार किलो. जोडीला वाटीभर डाळ, रोजचं चालणं आणि स्नायूंसाठी थोडी वजनं उचलणं. यात उपासमार नाही, चिया नाही, मध्यरात्रीचा तांबडा रस्सा नाही. दाजींनी ते निमूटपणे सुरू केलं. पहिले आठ दिवस माईंनी ती कमी केलेली पोळी चुरून, तूप-गूळ घालून लाडू करून वाढली. मग ताईने एक पोळी कमीच लाटायला सुरुवात केली आणि प्रश्न मुळातून सुटला.

राहिला एक प्रश्न, आणि त्यावर कुठल्या विद्यापीठाने काम केल्याचं मला माहीत नाही. हे सांगायचं कसं? मागच्या महिन्यात पुतण्याचं लग्न झालं. जेवणाच्या मांडवात कुणीतरी दाजींना विचारलं, "उतरलात की हो! काय करताय सध्या?"

"रात्रीची एक पोळी कमी केलीय."

"आणि?"

"आणि चालतो."

"बरं बरं," असं म्हणून ते गृहस्थ पनीरच्या दिशेने निघून गेले. तेवढ्यात पलीकडच्या टेबलावरून आवाज आला, "मी गेले एकवीस दिवस फक्त पपईवर आहे!" बोलणाऱ्याच्या हातातल्या ताटात जिलबी होती, पण तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. पाच मिनिटांत त्याच्याभोवती कडं झालं. नवरीकडची माणसं आली, आचारी आला, गुरुजी आले. रोज किती पपया, सालासकट की सोलून, एकविसाव्या दिवशी सोडायचं कसं, सगळी चौकशी झाली. काहींनी फोन काढून लिहूनही घेतलं.

पिकलेली की कच्ची, हा प्रश्न दाजींचा होता.